एकतीस एप्रिल

१

ऑफिसात त्याला सगळे तारीखमास्तर म्हणत, घाई असली की नुसतं मास्तर. कंपनी लहानशी होती. दुसऱ्यांच्या पगाराचे, भाड्याचे, वर्गणीचे प्रोग्रॅम लिहून द्यायची, आणि असल्या प्रोग्रॅममध्ये कुठेही काही बिघडलं की शेवटी दुखणं तारखेचंच निघायचं. मग ते फिरत फिरत मास्तरच्या टेबलावर यायचं. नव्या माणसांना वाटे, तारखांचं गणित ते काय मोठं, पोरंसोरंही बोटांवर करतील. अशांना मास्तर शेजारी बसवून घ्यायचा आणि विचारायचा, एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर काय येतं?

त्या दिवशी ही पाळी टेस्टिंगवाल्या बाईंवर आली होती. बाई ऑफिसात नव्या होत्या, पण वयाने त्याच्या बरोबरीच्या आणि जिभेने तिखट.

“एकतीस फेब्रुवारी,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. “बरं, अठ्ठावीस.”

“असं तुम्ही म्हणता. प्रोग्रॅमिंगची एक भाषा अठ्ठावीस म्हणते. दुसरी जादा दिवस पुढे ढकलते आणि तीन मार्च म्हणते. तिसरी म्हणते, असलं भलतंसलतं मला विचारू नका, आणि प्रोग्रॅमच बंद पाडते. आणि काही ठिकाणी तर तो महिनाच गाळतात. फेब्रुवारीत एकतीस नाही ना? मग थेट मार्चच्या एकतीसला भेटू.”

हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज दर वेळी जरासा खाली यायचा. बाईंच्या ते लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

“व्यक्ती तितक्या प्रकृती,” त्या म्हणाल्या. “आणि यातलं खरं कुठलं?”

“गिऱ्हाईक म्हणेल ते.”

दुपारी बाईंनी त्याला हाक मारली. रोजच्या चाचण्या चालवल्या होत्या, सगळ्या ओळी हिरव्या होत्या आणि मध्येच एक लाल. अपेक्षित उत्तर, अठ्ठावीस फेब्रुवारी. आलेलं उत्तर, एकतीस फेब्रुवारी.

मास्तर हसला. म्हणाला, कुणीतरी तारीख तारीख म्हणून न ठेवता नुसती अक्षरं म्हणून ठेवली असणार. अक्षरांना काय, त्यांना एकतीस फेब्रुवारीही चालते आणि नव्वद मार्चही. त्याने चाचणी पुन्हा चालवली. ओळ हिरवी झाली. मग त्याने सगळा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला, संध्याकाळपर्यंत वाचला, आणि अक्षरं म्हणून ठेवलेली तारीख त्याला कुठेच सापडली नाही.

“मीही पाहिलंय हां,” पर्स उचलताना बाई म्हणाल्या. “उद्या म्हणाल, बाईंना भास झाला.”

“नाही म्हणणार,” तो म्हणाला. फेब्रुवारीचा तो शेवटचा दिवस होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याला बाहेरच्या खोलीतून आवाज आला. लाकूड फरशीवरून ओढल्याचा. एकदा खरखरला, थांबला, पुन्हा खरखरला, ओढणाऱ्याने मध्ये दम खाल्ला असावा तसा.

तो साबण लावल्या तोंडाने बाहेर आला. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीला लावलेली मोठी खुर्ची वीतभर पुढे आली होती आणि तिचं तोंड दाराकडे झालं होतं.

“खुर्ची कशाला ओढलीस?” त्याने विचारलं.

“मी?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “ते धूड हलवायला मला काय वेड लागलंय?”

धूडच होतं ते. जाड लाकडाची, रुंद हातांची, बापाच्या वेळची खुर्ची. आईला म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत ठेवलं तेव्हा घरातली एक वस्तू बरोबर नेता येईल असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. आईने ना कपाट मागितलं, ना देव्हारा, ना टीव्ही. ती म्हणाली, ही खुर्ची द्या, कुणी भेटायला आलं तर बसायला हवी. गेल्या डिसेंबरात आई गेल्यावर तीच एक वस्तू परत आली. ती ठेवायला घरात जागा नव्हती आणि टाकून द्यायला तोंड नव्हतं, म्हणून बाहेरच्या खोलीत भिंतीला लावली होती. तिच्यावर कुणी बसत नसे.

मास्तरने खुर्ची ढकलून जागेवर लावली. त्यासाठी त्याला दोन्ही हात आणि गुडघा लावावा लागला. फरशीला उतार असेल, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि ते आपल्याला पटलेलं नाही हेही त्याला तिथल्या तिथे कळलं.

३

आईला तिथे ठेवलं तो दिवस एकतीस मार्च होता. तीन वर्षं होत आली त्याला. ती घरात दोनदा पडली होती, दिवसभर घरी कुणी नसायचं, दुसरा उपाय नव्हता. हे सगळं खरं होतं, आणि तरीही निघताना तो तिच्याकडे धड बघू शकला नव्हता. ताई लांबच्या देशात, ती फोनवर रडत होती. आई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “परत कधी?”

“आजच्याच तारखेला, आई. दर महिन्याला. चुकणार नाही.”

घरी येऊन त्याने त्याच रात्री स्वतःच्या फोनसाठी चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. आजच्या तारखेत एक महिना मिळवायचा, तो दिवस आला की घंटा वाजवायची आणि दोन शब्द दाखवायचे, ‘आईकडे’. लिहिताना डोळे भरून येत होते, म्हणून असेल, पण ज्या जागी तो इतरांना पकडायचा त्याच जागी तो स्वतः चुकला. तारीख नसेल तर पुढचा महिना धरा, असं त्याने लिहून टाकलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एप्रिल सरला आणि घंटा वाजली नाही. मेच्या दोन तारखेला त्याला आठवलं. प्रोग्रॅम उघडल्याबरोबर ती ओळ दिसली. एका ओळीचं काम होतं, महिन्यात एकतीस नसेल तर शेवटचा दिवस घ्या. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली आणि त्याने प्रोग्रॅम मिटला.

इथवर चूक होती. चुकीला कोण काय म्हणणार? पण जूनच्या अखेरीला त्याला अगोदरच माहीत होतं की घंटा वाजणार नाही. रविवार होता. दुपारभर तो घरी लोळला, सामना बघितला, आणि मधून मधून फोनकडे बघून मनाशी म्हणाला, वाजला असता तर गेलो असतो. सप्टेंबरातही तेच, नोव्हेंबरातही तेच. फेब्रुवारी तर काय, बिचारा मुळातच आखूड. तिथे जायचं म्हणजे तो फिनेलचा वास, ती न संपणारी दुपार, आणि निघताना पुन्हा ते ‘परत कधी’. वर्षातले पाच महिने त्यातून आपोआप सुटका होत होती, आणि दोष मशिनचा होता. ती ओळ त्याने बदलली नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅममध्ये ती दिसली असती तर त्याने त्या माणसाची खरडपट्टी काढली असती.

पुढच्या एकतीसला गेला की तो सांगायचा, “मागच्या महिन्यात एकतीस नव्हती ना, त्यामुळे फोनने आठवणच केली नाही.”

“नसेल तारीख तर तू तरी काय करणार,” आई म्हणायची, आणि त्याला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं. ते वाटणं गाडी सुरू करेपर्यंत टिकायचं.

४

आई गेल्याचा फोन एक डिसेंबरला सकाळी आला. तीस नोव्हेंबरच्या रात्री तिला नीट झोपवलं होतं आणि सकाळी बघतात तर ती कपडे करून, केस विंचरून, पलंगाच्या कडेला बसलेली. बसल्या जागीच गेली होती. वेळ कुणाला सांगता येत नव्हती. तीस आणि एकच्या मधली कुठली तरी.

सामान द्यायला तिथल्या मावशी आल्या. भल्या बाई होत्या. त्याचं सांत्वन करावं म्हणूनच त्या बोलल्या.

“फार आठवण काढायच्या तुमची. महिना संपत आला की आमच्या मागे लागायच्या, आज एकतीस का, आज एकतीस का. मग ती ठेवणीतली शाल घ्यायच्या आणि ही खुर्ची भिंतीपासून ओढून पलंगासमोर आणायच्या. आम्ही म्हणायचो, आजी, आम्ही ओढतो. तर ऐकायच्या नाहीत. म्हणायच्या, त्याला बसायला नको का?”

“आणि ज्या महिन्यात एकतीस नसे?” त्याने विचारलं. विचारायला नको होतं.

“तेव्हाच पंचाईत व्हायची. तीसला आम्ही सांगायचो, आज तीस. दुसऱ्या दिवशी तयार होऊन बसायच्या आणि विचारायच्या, आज एकतीस ना? आम्ही म्हणायचो, नाही आजी, आज एक तारीख. तर म्हणायच्या, मग एकतीस गेली कधी?” मावशी जराशा हसल्या. “मग खुर्ची परत भिंतीला. पण रागवायच्या नाहीत हो कधी. ‘नसेल जमलं त्याला’ म्हणायच्या आणि आडव्या व्हायच्या.”

मास्तरने मान हलवली. त्या संध्याकाळी त्याने तो प्रोग्रॅम फोनवरून पुसून टाकला. दुरुस्त करायला ज्याला अडीच वर्षं वेळ झाला नव्हता, त्याला पुसायला एक क्षण लागला.

५

फेब्रुवारीनंतर मार्च नीट गेला. एप्रिल संपत आला तसा मास्तरचा जीव थाऱ्यावर राहीना. चोराच्या मनात चांदणं. तीस तारखेला त्याने वर्तमानपत्राच्या चार जाड घड्या केल्या आणि खुर्चीच्या चारही पायांखाली एकेक सारली, म्हणजे ती घसरायला नको.

“फरशी खराब होते,” त्याने बायकोला सांगितलं.

“एवढी फरशीची काळजी कधीपासून?” ती म्हणाली.

सकाळी जाग आली ती घंटेने. ओळखीची घंटा होती. त्याने उशाचा फोन हातात घेतला. ‘आईकडे’, असं लिहिलं होतं. वर तारीख होती. एकतीस एप्रिल.

तो अंथरुणात उठून बसला आणि कारणं शोधू लागला, कारण तेच त्याचं काम होतं. पुसलेला प्रोग्रॅम जुन्या साठ्यातून परत आला असेल. फोनचं घड्याळ बिघडलं असेल. फोन बनवणाऱ्यांनी नवीन काहीतरी चढवलं असेल आणि त्यांच्याही एखाद्या मास्तरने माती खाल्ली असेल. शेवटचं कारण त्याला बरं वाटलं. ते बायकोला सांगावं म्हणून तो वळला, तर तिची बाजू रिकामी होती. चादर अशी ताणलेली होती की रात्री तिथे कुणी झोपलंच नसावं.

त्याने हाक मारली. स्वयंपाकघरात गेला. ओटा कोरडा होता, गॅस थंड होता, भांडी पालथी होती. नळाला पाणी होतं. घड्याळही चालू होतं.

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राच्या चार घड्या चार कोपऱ्यांत जिथल्या तिथे पडल्या होत्या. खुर्ची नव्हती. घड्यांपासून दारापर्यंत फरशीवर ओरखड्यांच्या दोन रेघा गेल्या होत्या.

त्याला जावंसं वाटलं, असं म्हणता येणार नाही. पण त्या चार घड्यांसमोर बसून राहणं जास्त अवघड होतं. त्याने शर्ट चढवला आणि गाडीची किल्ली घेतली.

६

रस्त्यावर उजेड होता, नेहमीसारखा. माणूस नव्हतं. दुकानांची शटरं निम्मी वर होती, एका टपरीपुढे बाकडं पुसून ठेवलं होतं. सिग्नल लाल होत होते, हिरवे होत होते. पहिल्या लाल दिव्याला मास्तर सवयीने थांबला, आणि कोण जाणार आहे म्हणून थांबलो, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. पुढे तो कुठेच थांबला नाही.

संस्थेचं फाटक उघडं होतं. वॉचमनच्या स्टुलावर त्याची टोपी होती. आत तोच लांब व्हरांडा, तोच फिनेलचा वास, दोन्ही बाजूंना बंद दारं. मास्तर चालू लागला आणि त्याला कळलं की दारांआड शांतता नाही. कुणी खाकरत होतं. कुणी पलंगावर सरकून बसत होतं. कुठे काचेचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. त्याचं पाऊल ज्या दारापाशी येई त्या दाराआडची चुळबुळ थांबायची, आणि तो पुढे गेला की आतून एक सुस्कारा यायचा. प्रत्येक दाराआड कुणीतरी तयार होऊन बसलं होतं. त्याच्यासारखे पुष्कळ असणार, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आईची खोली टोकाला होती. तो अर्ध्यावर असताना आतून खरखर आली. थांबली. दम खाल्ला. पुन्हा आली.

दार बोटभर उघडं होतं. त्याने ढकललं नाही. फटीतून समोर खुर्ची दिसली, पलंगासमोर नीट लावलेली, रिकामी. तिच्यापलीकडे पलंगाची कड, शालीने झाकलेले दोन गुडघे आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. एवढंच दिसत होतं. हात तिचेच होते, अंगठ्याजवळचा भाजल्याचा डागसुद्धा तोच. पण शालीच्या घड्यांवर जशी बारीक धूळ बसली होती तशीच ती त्या हातांवरही बसली होती, बोटांच्या बेचक्यांत तर जाड. खुर्ची नुकतीच कुणी ओढली, हे त्याला त्या हातांकडे बघून समजेना.

“कोण आहे?” आतून आवाज आला. आईचाच, जरा झोपेतला.

त्याने दाराची चौकट धरली.

“आज एकतीस ना?”

फोन त्याच्या खिशात होता. तारीख त्याला ठाऊक होती. जगात दुसऱ्या कुणाला नसेल इतकी नेमकी ठाऊक होती. हो आई, एकतीस, मी आलोय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेवढ्यासाठीच ती बसली होती. पण मग आत जावं लागलं असतं, त्या खुर्चीत बसावं लागलं असतं, आणि हा दिवस संपतो कधी हे कुठल्याच भाषेने त्याला शिकवलं नव्हतं. त्याला भीती वाटली. आपल्या आईची भीती वाटली, आणि त्याची लाज वाटायच्या आतच त्याचं तोंड उघडलं.

“नाही आजी,” तो मावशींच्या सुरात म्हणाला. “आज एक तारीख.”

आतून तोच आवाज आला.

“मग एकतीस गेली कधी?”

शालीखालचे गुडघे हलले. शालीवरची धूळ सांडली. ते दोन हात पुढे आले, त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि खुर्ची मागे, भिंतीकडे सरकू लागली. खरखर, दम, खरखर. ओढता ओढता ती काहीतरी पुटपुटली. त्याला ऐकू आलं नाही, पण शब्द कुठले ते मावशींनी सांगून ठेवलेलं होतं.

मग शेजारच्या खोलीत एक खुर्ची सरकली. मग समोरच्या खोलीत. त्याने म्हटलेलं सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं होतं. आज एक तारीख. दोन्ही बाजूंच्या दारांआड, एकामागून एक, खुर्च्या भिंतींना परत जाऊ लागल्या आणि मास्तर पळत सुटला.

७

“सकाळी सकाळी कुठे गेला होतास?” बायकोने विचारलं. ती ओट्याशी उभी होती आणि चहा उतू जायच्या बेतात होता. फोनवर एक मे होती. बाहेरच्या खोलीत खुर्ची भिंतीला होती, चार पाय चार घड्यांवर. ओरखडे नव्हते.

“पाय मोकळे करायला,” तो म्हणाला.

“आणि हा फिनेलचा वास कसला?”

त्याने शर्ट काढून धुवायला टाकला. दिवसभर त्याने स्वतःला समजावलं की स्वप्न होतं. माणसाला मन खातं, मग असली स्वप्नं पडतात. त्यात काही खोटं नव्हतं. फक्त स्वप्नात आपण काय बोललो ते त्याला विसरता येईना. आईला वाट बघत ठेवणं ही एक गोष्ट. पण दारात उभं राहून तिला आजी म्हणणं, याला काय म्हणायचं?

संध्याकाळी त्याने ताईला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून लावला. “ताई, एक विचारू? मी आईकडे नेमाने जायचो ना, ते तसं नव्हतं...” एवढंच तो बोलला.

“वेडा आहेस,” ताई म्हणाली. “तू केलंस तेवढं कोण करतं? मी इथे लांब बसून काय केलं सांग. दर महिन्याला तू जात होतास म्हणून मला झोप लागायची.”

तिची झोप का घालवा, असं म्हणून त्याने ते श्रेय ठेवून घेतलं. याही वेळी ते आयतंच मिळालं होतं.

फोन ठेवल्यावर त्याने तो जुना प्रोग्रॅम नव्याने लिहून काढला आणि ती ओळ बरोबर लिहिली. तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस. चालवून बघितला. एप्रिलला तीस, जूनला तीस, फेब्रुवारीला अठ्ठावीस, सगळं चोख. दोन घटका तो त्या चोख आकड्यांकडे बघत बसला. मग आता काही उरलं नाही, असं म्हणून त्याने मशिन बंद केलं.

८

मे महिना निवांत गेला. तीसला शनिवार होता. त्याने भाजी आणली, बायकोबरोबर सिनेमा बघितला, रात्री पडल्या पडल्या म्हणाला, “उद्या रविवार, उशिरा उठू.” मेमध्ये एकतीस असते. सरळ, सगळ्यांची, कॅलेंडरात छापलेली एकतीस. तिची त्याला भीती वाटायचं कारण नव्हतं.

तो उठला तेव्हा बायको ऑफिसला जायच्या तयारीत होती.

“रविवारी कुठे?” त्याने विचारलं.

तिने वळून बघितलं. तिचे डोळे सुजले होते. “आज सोमवार आहे.”

फोनवर एक जून होती. त्याने कारणं शोधायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली. “काल काय झालं?” त्याने हळूच विचारलं.

“तूच सांग.” ती पलंगाच्या कडेला बसली. “मी घाबरून गेले होते. सकाळी उठलास, आंघोळ केलीस, तो लग्नातला शर्ट काढून घातलास. केस विंचरलेस. मी म्हटलं, कुठे जायचंय? तर म्हणालास, कुठे नाही. मग ती खुर्ची भिंतीपासून ओढलीस. मी हात लावायला आले तर म्हणालास, राहू दे, मी ओढतो. दाराकडे पाठ करून ठेवलीस आणि तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलास. दिवसभर. जेवला नाहीस. मी जरा टेकायला गेले खुर्चीवर, तर अंगावर ओरडलास. म्हणालास, त्याला बसायला नको का?”

मास्तरने बाहेरच्या खोलीकडे मान वळवली.

“आणि घटकेघटकेला एकच. आज एकतीस ना? आज एकतीस ना?”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? होती एकतीस. मी हो म्हटलं. तर इतका खूश झालास.” तिचा आवाज फुटला. “दुपारी मीच फोन करून डॉक्टरांची आजची वेळ घेतली. जाऊ या आपण.”

“कुणी आलं होतं का?”

“इथे? नाही रे. कोण येणार?”

बाहेरच्या खोलीतली खुर्ची पलंगावरून दिसत होती. भिंतीला लागलेली होती. तिच्या पायांखालच्या घड्या कुणीतरी उचलून नीट एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

“मग मी उठलो कधी?” त्याने विचारलं.

“अंधार पडल्यावर. मी दिवा लावला तेव्हा. खुर्ची परत भिंतीला लावलीस, शर्ट काढून घडी घातलीस आणि येऊन झोपलास.” तिने डोळे पुसले. “झोपताना काहीतरी म्हणालास. म्हणालास, नसेल जमलं त्याला. कुणाला, ते मी विचारलं, पण तोवर तुला झोप लागली होती.”